मुळशीच्या संदर्भनोंदी: दाते सूचीपासून झोटेरोपर्यंत

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या निकट वसलेले माले हे गाव ज्या खोऱ्यात येते, त्या खोऱ्याचा विसाव्या शतकातील इतिहास मुख्यतः एका जलाशयाचा आणि त्याला झालेल्या विरोधाचा इतिहास आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने बांधलेले धरण, त्याचे पाणी सह्याद्रीखाली कोकणात भिरा येथे सोडून होणारी वीजनिर्मिती, पाण्याखाली जाणारी सुमारे पन्नास गावे आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पांडुरंग महादेव बापट व विनायक महादेव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सत्याग्रह, एवढा तपशील बहुतेक मराठी वाचकांना परिचित आहे. त्या तपशिलामागचा कागद मात्र अनेक ठिकाणी विखुरलेला आहे, आणि तो हुडकून वाचणे जितके कष्टाचे, तितकेच त्याच्या नोंदी एका जागी, एका पद्धतीने आणि पुन्हा सापडतील अशा लावणे कष्टाचे आहे. या दुसऱ्या कामाला कारकुनी समजून त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय इतिहासलेखनात जुनीच आहे.

हे काम आता संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींवर सोपवले जाते. ग्रंथ, लेख, अहवाल, वर्तमानपत्री मजकूर यांचे लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ आणि वर्ष हे घटक वेगवेगळ्या रकान्यांत साठवून, लेखन चालू असताना हव्या त्या शैलीत तळटीप आणि संदर्भसूची तयार करून देणारी ही संगणकीय साधने होत. झोटेरो, मेंडेली आणि एंडनोट ही त्यांतली विशेष चालणारी नावे. अभ्यासकाच्या वहीत, ग्रंथालयाच्या तालिकेत किंवा एखाद्या छापील सूचीत आधीपासून असलेल्या नोंदी नव्याने टंकित न करता अशा प्रणालीत एकगठ्ठा उतरवून घेणे, याला आयात म्हणतात. आयात ही संगणकाने आणलेली नवलाई आहे असा समज असला, तरी मराठी ग्रंथांच्या सूचीकारांनी गेली दीडशे वर्षे वेगळे काही केलेले नाही: एकाने केलेली नोंद दुसऱ्याने आपल्या चौकटीत बसवून घ्यायची, आणि चौकटीत जे बसणार नाही ते तरी सोडायचे किंवा टीपेत घालायचे. बदलले ते एवढेच, की पूर्वी नोंद हाताने उतरवताना ती वाचली जात असे.

या परंपरेचा आरंभ सरकारी आहे. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात छापलेल्या देशी भाषांतील पुस्तकांची यादी केली, ती शिक्षणखात्याच्या गरजेपोटी. त्यानंतर १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक-नोंदणी कायद्याने छापखान्यांना प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करणे बंधनकारक केले, आणि अशा पुस्तकांची त्रैमासिक यादी इलाख्याच्या राजपत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. त्या कायद्याच्या १८ व्या कलमात प्रत्येक पुस्तकाची कोणती माहिती लिहायची हे ठरवून दिले होते: शीर्षक, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार वा संपादक, विषय, मुद्रण व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रक व प्रकाशक, तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, किती प्रती छापल्या, खिळ्यांवर छापले की शिळाप्रेसवर, किंमत, आणि स्वामित्वहक्काच्या मालकाचे नाव व पत्ता. सरकारचा हेतू पाळतीचा होता यात शंका नाही. पण पुढच्या इतिहासकाराला त्या पाळतीतून लाभ झाला, कारण एखादी पुस्तिका किती प्रतींनी निघाली आणि किती आण्यांना विकली गेली ही माहिती खुद्द पुस्तकावर क्वचितच मिळते. आजच्या संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींत या कलमातील निम्म्याअधिक बाबींना स्वतंत्र रकाना आहे. प्रतिसंख्या, किंमत आणि शिळाप्रेस यांना तो नाही. तळटीपेत त्या लागत नाहीत, म्हणून प्रणाली घडवणाऱ्यांनी त्यांचा विचार केला नाही, आणि त्रैमासिक याद्यांवरून नोंदी आयात करणाऱ्याला ही माहिती 'टीप' नावाच्या मोकळ्या जागेत कोंबावी लागते, जिथे तिच्यावरून वर्गवारी किंवा बेरीज करता येत नाही.

याच यादीपद्धतीची लंडनमधली शाखा म्हणजे जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी केलेली ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची तालिका. ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी वाचकाला वापरता यावी म्हणून तीत मराठी नावे रोमन लिपीत आणून तिथल्या वर्णक्रमाने लावली आहेत. मराठी पुस्तकाचे नाव एकदा मुळात आणि एकदा रोमन रूपांतरात असे दोनदा नांदू लागले, आणि या दुहेरी संसाराचा त्रास आजच्या आयातीपर्यंत पोचला आहे.

मराठीच्या बाजूने या सगळ्याला उत्तर दिले ते शंकर गणेश दाते यांनी. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला खंड १८०० ते १९३७ या कालखंडातील ग्रंथांचा असून तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. अभ्यासकांच्या बोलण्यात या दोन्ही खंडांना 'दाते सूची' एवढेच नाव आहे, आणि एखादे पुस्तक 'दात्यांत आहे' किंवा 'दात्यांत नाही' हे वाक्य मराठी ग्रंथांच्या संशोधनात निवाड्यासारखे वापरले जाते. दाते यांचे वैशिष्ट्य असे, की सरकारी याद्या आणि ग्रंथालयांच्या तालिका त्यांनी आधारासाठी घेतल्या, पण तेवढ्यावर न थांबता ग्रंथालयोग्रंथालयी हिंडून पुस्तके पाहण्याचा खटाटोप केला, आणि ग्रंथांची विल्हेवारी लेखकनामापुरती न ठेवता विषयवार केली. त्यामुळे त्यांची सूची चाळताना एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी भेटतात. शोधयंत्राच्या चौकटीत शब्द टाकून मिळणाऱ्या यादीत ही शेजारधर्माची सोय नसते, कारण तिथे शब्द जुळला तरच पुस्तक समोर येते. नियतकालिकांचे काम दाते, दिनकर विनायक काळे आणि शंकर नारायण बर्वे यांनी मिळून केले व त्याची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केली. मुळशीच्या अभ्यासाला ती ग्रंथसूचीइतकीच लागते, कारण सत्याग्रहाचा रोजचा वाद वर्तमानपत्रांत झाला.

कालमर्यादेने पाहता, सत्याग्रह चालू असताना निघालेले मराठी मुद्रित साहित्य दाते सूचीच्या पहिल्या खंडाच्या कक्षेत पडते. भुस्कुटे यांचे 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक १९६८ चे, म्हणजे दोन्ही खंडांच्या पलीकडचे. राजेंद्र व्होरा यांचे त्याच नावाचे पुस्तक पुण्याच्या प्रतिमा प्रकाशनाने १९९४ मध्ये काढले, आणि त्याच विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये आला, ज्याच्या शीर्षकातच या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. त्यामागे १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरचे तीन भाग, आणि १९५४ ची त्याची सुधारलेली आवृत्ती. एका खोऱ्याच्या इतिहासासाठी लागणारे एवढेच छापील साहित्य धरले, तरी त्याच्या नोंदी सूचीकलेच्या चार वेगवेगळ्या युगांत तयार झालेल्या आहेत.

या युगांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरले ते कार्डाचे. साडेसात गुणिले साडेबारा सेंटिमीटरच्या जाड कागदी कार्डावर, खालच्या कडेच्या मध्यावर भोक पाडून, ते लाकडी खणात आडव्या गजात ओवलेले असे, म्हणजे वाचकाने चाळताना कार्ड निघून हरवू नये. वरच्या ओळीत आडनावापासून सुरू होणारे लेखकनाम, त्याखाली थोडे आत सरकवून शीर्षक, मग स्थळ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे. डाव्या बाजूला वर्गांक. पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय असो वा गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, भारत सेवक समाजाच्या जुन्या संग्रहावर उभे राहिलेले ग्रंथालय असो, मुळशीवर काम करणाऱ्या अनेकांचे दिवस या खणांपुढे उभे राहून गेले आहेत. कार्डपद्धतीची खरी बुद्धिमत्ता मुख्य कार्डात नव्हती, 'पाहा' नोंदीत होती. विभावरी शिरूरकर या नावाच्या कार्डावर 'पाहा: बेडेकर, मालती' असे लिहिले, की टोपणनाव आणि खरे नाव यांचा संबंध वाचकाच्या स्मरणशक्तीवर न सोडता तालिकेतच कायमचा नोंदला जाई. सेनापती बापट आणि पांडुरंग महादेव बापट ही एकच व्यक्ती आहे, हेही असेच एका जास्तीच्या कार्डाने सांगता येत असे. संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींत नामांचा असा अधिकृत कोश नसतो. नोंदीला नोंद जोडता येते, नावाला नाव जोडता येत नाही, आणि ही उणीव मराठीसारख्या टोपणनावांनी आणि उपाधींनी समृद्ध भाषेला इंग्रजीपेक्षा अधिक भोवते.

स्वातंत्र्यानंतर सूचीकार्य पुन्हा राष्ट्रीय पातळीवर गेले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकांवर पुस्तके कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व इतर ठरावीक ग्रंथालयांना पाठवण्याची जबाबदारी टाकली, आणि त्यांच्या आधाराने भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासून निघू लागली. अनेक भाषांच्या ग्रंथांची एकच क्रमवार सूची करायची तर लिपी कोणती, या प्रश्नाला बी. एस. केशवन यांच्या नेतृत्वाखालील त्या कार्यालयाने रोमन हे उत्तर दिले; अक्षरांच्या वर-खाली टिंबे व रेषा देऊन सर्व भारतीय भाषांतील नावे रोमनमध्ये लिहिली गेली. एकत्र सूचीसाठी दुसरा व्यवहार्य मार्ग त्या काळात नव्हता, हे मान्य करावे लागते. दुसरीकडे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले. भारताला दिलेल्या गव्हाची रुपयांतील किंमत भारतातच खर्च करण्याची तरतूद पीएल-४८० या अमेरिकी कायद्यात होती, आणि त्या रुपयांचा काही भाग भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवण्याकडे वळवला गेला. शिधापत्रिकेवरच्या लाल गव्हाशी पीएल-४८० हे नाव जोडणाऱ्या मराठी माणसाला त्याच गव्हाने मराठी पुस्तकांच्या नोंदीही घडवल्या, हे सहसा ठाऊक नसते. या व्यवहाराचा परिणाम असा, की त्या दशकांतल्या पुष्कळ मराठी पुस्तकांच्या सर्वांत काटेकोर आणि यंत्राला वाचता येणाऱ्या नोंदी वॉशिंग्टनमध्ये आहेत, आणि त्या रोमन लिपीत आहेत.

यंत्राला वाचता येणारी नोंद ही कल्पना त्याच काँग्रेस ग्रंथालयात १९६० च्या दशकात हेन्रिएट अव्हराम यांनी प्रत्यक्षात आणली. 'मार्क' या त्यांच्या नोंदरचनेत कार्डावरील प्रत्येक घटकाला तीन आकडी क्रमांक मिळाला: १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. मूळ लिपीतील रूपासाठी पुढे ८८० या क्रमांकाचा रकाना ठेवण्यात आला, म्हणजे रोमन शीर्षकाला समांतर देवनागरी शीर्षक त्याच नोंदीत राहू शकते. जुन्या मराठी नोंदींत हा ८८० चा रकाना बहुधा रिकामाच असतो, आणि तो भरलेला असला तरी आयात करणारी प्रणाली त्याकडे लक्ष देईलच असे नाही. त्यामुळे पुण्यात छापलेल्या मराठी पुस्तकाची नोंद अमेरिकेहून उतरवून घेताना पुण्यातल्या अभ्यासकाच्या संगणकावर ती परदेशी वेषात येते: मुळशीच्या ळ साठी खाली टिंब दिलेला रोमन एल, आणि ळ आणि श यांच्यामध्ये उच्चारात नसलेला एक 'अ', कारण लिप्यंतराचा नियम अक्षर पाहतो, उच्चार पाहत नाही. गॅझेटिअरमधील इंग्रजी वर्णलेखन आणखी निराळे. एकाच स्थळनामाची देवनागरी, शास्त्रीय रोमन आणि व्यवहारातील रोमन अशी तीन रूपे एका ग्रंथालयात नांदतात, आणि संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी नावे असतात.

भारतीय ग्रंथालयांत संगणक आला तेव्हा प्रश्न लिप्यंतराचा न राहता संकेतांचा झाला. युनेस्कोने विनामूल्य दिलेली सीडीएस-आयसिस ही प्रणाली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक ग्रंथालयांनी स्वीकारली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या, आणि इस्की ही भारतीय मानक संकेतप्रणाली १९९१ मध्ये मानक क्रमांक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरीचा पट्टा इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर रचलेला आहे. पण छपाईच्या धंद्याने मानकाची वाट पाहिली नाही. पुण्यामुंबईच्या मुद्रणालयांत आणि त्यामागून महाविद्यालयांच्या कार्यालयांत श्री-लिपीसारखे टंकसंच रुळले, ज्यांत देवनागरी अक्षराचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. अशा टंकात केलेली संदर्भसूची त्याच टंकाने पाहिली तर शुद्ध मराठी दिसते, आणि झोटेरोत आयात केली की रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि उच्चारचिन्हे यांचा अर्थहीन लगदा होतो. एकोणीसशे नव्वदच्या दशकातील प्रबंधांच्या अखेरीस असलेल्या कितीतरी उत्तम सूची, संगणकीय धारिका जपून ठेवलेली असूनही, या कारणाने पुन्हा वाचण्यायोग्य करून घ्याव्या लागतात. रूपांतर करणारी साधने आहेत. ती र्‍हस्व वेलांटी आणि रफार यांच्या जागा बदलताना चुकतात, आणि रूपांतरित सूची मूळ छापील पानाशी ओळीने ओळ ताडून पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

संदर्भ-व्यवस्थापनाचा वंशवृक्ष ग्रंथालयांहून निराळा, तो प्रयोगशाळांत उगवला. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाअखेरीस माइक लेस्क यांनी 'रेफर' ही पद्धत तयार केली, ज्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी एक चिन्ह व एक अक्षर लिहून पुढील मजकूर लेखक की शीर्षक हे सांगितले जाई. १९८५ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट आणि ओरेन पटाश्निक यांचे बिबटेक आले, आणि त्याच सुमारास रिसर्च इन्फॉर्मेशन सिस्टिम्स या कंपनीची, तिच्याच आद्याक्षरांवरून आरआयएस म्हणवली जाणारी धारिका-पद्धत रूढ झाली. आरआयएसची नोंद म्हणजे दोन अक्षरी खुणांनी सुरू होणाऱ्या ओळी: पहिली साहित्याचा प्रकार सांगते, मग लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, स्थळ, आणि शेवटची ओळ नोंद संपल्याचे जाहीर करते. रचना इतकी साधी, की ती कोणत्याही मजकूर-संपादकात हाताने लिहिता येते, आणि या साधेपणामुळेच ती चाळीस वर्षे टिकली.

नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेणे हा हक्क आहे की अतिक्रमण, हा वाद न्यायालयापर्यंत गेला तो झोटेरोच्या निमित्ताने. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये झोटेरो विनामूल्य आणि खुल्या आज्ञावलीसह प्रसिद्ध केले. ते इतिहासकारांनी घडवले असल्यामुळे हस्तलिखित, पत्र, मुलाखत, अभिलेखागारातील कागद यांना त्यात आरंभापासून जागा होती. एंडनोटची तेव्हाची मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्स या कंपनीने २००८ मध्ये त्या विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. तक्रार अशी, की एंडनोटच्या संदर्भशैलींच्या धारिका झोटेरोला वाचता याव्यात अशी सोय करून परवान्याचा भंग केला गेला. २००९ मध्ये तो दावा निकालात निघून फेटाळला गेला. वाद शैलींच्या धारिकांपुरता असला, तरी अभ्यासकाने स्वतः जमवलेली सामग्री एका दुकानाच्या कुलपात राहू नये ही जाणीव त्यातून पसरली.

आता भुस्कुटे यांच्या पुस्तकाची एक नोंद जवळून पाहता येईल. ग्रंथालयांच्या याद्यांत ती 'भुस्कुटे विनायक महादेव', 'भुस्कुटे वि. म.' किंवा 'वि. म. भुस्कुटे' अशी आढळू शकते. बिबटेकचा नियम असा, की नावात स्वल्पविराम असेल तर त्याआधीचा भाग आडनाव, आणि नसेल तर शेवटचा शब्द आडनाव. पहिल्या रूपात स्वल्पविराम नाही, म्हणून लेखकाचे आडनाव 'महादेव' ठरते आणि पुस्तक म च्या ओळीत जाऊन बसते. दुसऱ्या रूपात आडनाव 'म.' एवढेच उरते. तिसरे रूप तेवढे योगायोगाने बरोबर उतरते. आरआयएसमध्ये स्वल्पविराम नसल्यास काही प्रणाली सबंध नाव एकसंध मानतात, ते त्यापेक्षा बरे, कारण निदान वर्णक्रमात पुस्तक भ मध्ये राहते. बापटांच्या बाबतीत 'सेनापती बापट' हे लेखकनाम आले, की 'सेनापती' हे त्यांचे पाळण्यातले नाव ठरते आणि काही शैलींत 'बापट, से.' अशी नोंद छापली जाते. आयात करण्यापूर्वी मूळ धारिकेतच आडनावानंतर स्वल्पविराम घालून घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोनशे नोंदी आत गेल्यावर एकेक दुरुस्त करण्यात त्याच्या दसपट वेळ जातो.

वर्षाचा रकाना त्याहून फसवा आहे. १९२१ च्या रामनवमीला शके १८४३ चालू होते. जुन्या पुस्तिकेच्या शीर्षकपृष्ठावर फक्त शक छापलेला असला आणि नोंदणाऱ्याने 'शके' हा शब्द गाळून आकडा तेवढा रकान्यात लिहिला, तर पुस्तिका बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावण्याच्या दहा वर्षे आधी छापली गेल्याचे संदर्भसूची सांगू लागते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, त्यामुळे महिना ठाऊक नसेल तर एका वर्षाची संदिग्धता उरतेच, आणि ती '१९२१-२२' अशी उघड लिहावी. आकडे देवनागरीत ठेवले तर ते वाचायला शोभतात, पण बहुतेक प्रणाली वर्ष ओळखताना इंग्रजी आकड्यांची अपेक्षा धरतात आणि कालक्रम लावताना देवनागरी आकड्यांची नोंद बाजूला टाकतात.

दुबार नोंदी शोधण्याची सोय या साधनांचे मोठे आकर्षण आहे, आणि मुळशीच्या बाबतीत तिची परीक्षा लगेच होते. भुस्कुटे आणि व्होरा यांच्या पुस्तकांचे नाव अक्षरशः एकच. झोटेरो शीर्षकाबरोबर वर्ष व लेखकही पडताळतो, म्हणून ही दोन पुस्तके तो एक समजत नाही. मात्र ज्या नोंदीत लेखक आणि वर्ष गाळलेले आहे, अशी अर्धवट नोंद कोणाची हे त्यालाही सांगता येत नाही आणि अभ्यासकालाही. उलट बाजूने, एकच पुस्तक दोनदा आत येऊनही न ओळखले जाण्याचे कारण मराठी लिपीच्या संकेतांत दडलेले असते. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा नुक्तायुक्त र वापरून आणि एकदा साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. 'अ‍ॅ' या अक्षराचेही तसेच, कारण त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले आणि त्याआधीच्या नोंदींत ते दोन चिन्हे जोडून लिहिलेले आहे. अकारविल्ह्यात क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी लावण्याची मराठी रीतही मुळात युनिकोडच्या क्रमाला मान्य नाही; तिथे क्ष हा क च्या घरात आणि ज्ञ हा ज च्या घरात राहतो.

स्थळनामाची अडचण मालेच्या वाट्याला विशेष आली आहे, कारण मालदीवच्या राजधानीचे नावही मराठीत 'माले' असेच लिहितात. देवनागरीत शोध घेणाऱ्याला मुळशीचे पाणलोट आणि हिंद महासागरातील बेटे एकाच यादीत भेटतात. ग्रंथालयशास्त्राने यासाठी स्थळनामापुढे प्रदेश जोडण्याची रीत फार पूर्वी घालून दिली आहे. संदर्भ-व्यवस्थापनात मात्र विषयखुणा ज्याने त्याने आपल्या मनाने द्यायच्या असतात, आणि आयात केलेल्या नोंदींबरोबर दुसऱ्यांच्या खुणाही आत येतात. 'माले, मुळशी', 'माले गाव' आणि नुसते 'माले' अशा तीन खुणा एका संग्रहात साठल्या, तर एकाही खुणेवर टिचकी मारून सर्व साहित्य मिळत नाही.

छापील ग्रंथांसाठी जे काही आयात करता येते ते एवढेच. पुस्तकाचा प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, टंकित केला की उरलेली नोंद आपोआप भरली जाण्याची सोय १९७० नंतर रूढ झालेल्या क्रमांकावर चालते; १९२१ च्या पुस्तिकेला तो नाही. 'केसरी'तील निनावी अग्रलेखाला लेखकच नसतो, आणि वर्तमानपत्रांच्या बहुतेक नोंदी अंकाची तारीख व पान पाहून हातानेच कराव्या लागतात. अभिलेखागारांची गोष्ट त्याहून कठीण. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात महसूल व गृह खात्यांचे दप्तर वर्षवार बांधलेल्या खंडांत आहे, पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली या खोऱ्यातील जमिनी घेतल्याचे व्यवहार ज्या कागदांत शोधावे लागतात, त्यांच्या आयात करण्याजोग्या नोंदी कोणी तयार ठेवलेल्या नाहीत. झोटेरोत अशा कागदासाठी 'हस्तलिखित' हा प्रकार निवडून अभिलेखागाराचे नाव एका रकान्यात आणि 'अभिलेखागारातील स्थान' या दुसऱ्या रकान्यात खाते, वर्ष, खंड व प्रकरण क्रमांक, तोही त्या अभिलेखागाराच्या मागणीपत्रावर ज्या क्रमाने लिहावा लागतो त्याच क्रमाने, लिहून ठेवणे अधिक सोयीचे ठरते, कारण तोच मजकूर तळटीपेतून उचलून पुढच्या वेळी मागणीपत्रावर जसाच्या तसा उतरवता येतो.